तलंगा अंड्यावर कधी येणार? (पाच तलंगा, एक कोंबडा, शून्य अंडी)

पडवीतली | ३ ऑगस्ट, रात्री ९:४०

धागा काढू की नको असं आठवडाभर चाललं होतं. आज जेवताना सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या कोंबड्या नुसत्या पंगती झोडतायत." मग काढलाच.

आम्ही दोघं दोन वर्षांपूर्वी डोंबिवली सोडून गुहागर तालुक्यात गावच्या घरी राहायला आलो. शिमग्याच्या आदल्या आठवड्यात महिनाभराची सहा पिल्लं घेतली. तीन 'गिरिराज' (असं विकणारा म्हणाला) आणि तीन गावठी. गावठीतला एक कोंबडा निघाला आणि आता पहाटे चारपासून गाव उठवतो. राहिल्या पाच तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या). हिशेबाने सगळ्यांना २५ आठवडे झाले.

खाणं असं: सकाळी कणी-कोंडा, मग दिवसभर वाडीत मोकळ्या, तिन्हीसांजेला उरलासुरला भात. दुकानातलं खाद्य दुसऱ्या महिन्यानंतर बंद केलं, कारण पोतं पावसाळी हवेत बुरसलं. खुराड्यात पेंढा घालून दोन खोकी ठेवली आहेत. रोज सकाळ-संध्याकाळ डोकावते. आतापर्यंत मिळकत म्हणजे एक बेडूक.

उशीर झालाय का? काही चुकतंय का? आणि पाच जणींना एक कोंबडा पुरतो ना?

वेंगुर्ल्याचो_झील | ३ ऑगस्ट, रात्री १०:०५

अगो बाय, कोंबी म्हणजे काय मशीन आसा? गावठी तलंग सात-आठ म्हयने झाल्याशिवाय अंड्यार येणा नाय. तुरो लाल झालो काय तां बघ आधी. आणि रोज खोक्यात तोंड घालू नको, तेंका पण लाज वाटता.

जुना_खुराडेवाला | ३ ऑगस्ट, रात्री ११:२०

लांज्याच्या बाजूला माझी दीडशे पक्ष्यांची शेड होती, आता घरापुरत्या बारा राहिल्यात. त्या अनुभवावर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

गिरिराज ही बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली जात. ती साधारण साडेपाच-सहा महिन्यांत अंड्यावर येते. गावठीला सहा ते आठ महिने धरा. व्यापारी लेअरच्या (फक्त अंड्यांसाठी पाळतात त्या कोंबडीच्या) अठरा-वीस आठवड्यांशी घरच्या कोंबडीची तुलना करू नका, तिचं घराणंच वेगळं. शिवाय बाजारात गिरिराज म्हणून काय काय खपवतात ते तुम्हाला माहीत नाही, मला माहीत आहे. त्यामुळे कॅलेंडर भिंतीवर राहू द्या आणि कोंबडी हातात घ्या.

पहिली खूण तोंडावर. तुरा आणि गळ्याखालच्या लोळ्या फिकट गुलाबी असतात, त्या फुगून लालभडक होतात. दुसरी म्हणजे पाठीवर हात टेकवलात की पळायच्या ऐवजी जागच्या जागी बसते आणि पंख जरा फाकवते. कोंबड्यासाठी बसायची सवय ती, तुमच्या हातालाही बसते. ही खूण दिसली की बहुतेक वेळा एक-दोन आठवड्यांत अंडं.

तिसरी रात्री बघायची, त्या खुराड्यात गपगार असतात तेव्हा. कोंबडी काखेत धरा, तोंड मागच्या बाजूला. शेपटीखाली दोन टोकदार हाडं बोटाला लागतील. त्यांच्यामध्ये एक बोट जेमतेम बसत असेल तर अजून अवकाश आहे. दोन बोटं आरामात बसली तर जवळ आली. अंडी घालणारीला दोन-तीन बोटं जागा असते, आणि तिथलं तोंड ओलसर, रुंद दिसतं. न घालणारीचं सुकं आणि आकसलेलं.

आता खाणं. कणी-कोंड्यावर कोंबडी जगते, फिरते, आरवणाऱ्याला साथ देते. पण अंड्याला प्रथिनं लागतात. लेअर खाद्यात ती १६ ते १८ टक्के असतात, कणीत त्याच्या निम्म्यापर्यंतच. वाडीत गांडुळं, वाळवी, नाकतोडे मिळतात म्हणून तुमच्या अगदीच उपाशी नाहीत. तरी सकाळचं खाणं निम्मं कणी आणि निम्मं लेअर खाद्य करा. मोठी कोंबडी दिवसाला १००-१२० ग्रॅम खाते, मोकळी फिरणारी थोडं कमी. पोतं दहा किलोच्या वर आणू नका आणि घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवा. बुरसलेलं खाद्य टाकलंत ते उत्तम केलंत, त्या बुरशीच्या विषाने पक्षी मरतात.

घाटावरची_सून | ४ ऑगस्ट, सकाळी ७:१५

कोंबडा पुरतो का म्हणजे? कोंबडा नसला तरी अंडी येतात हो. फक्त त्यातून पिल्लू निघत नाही. हे मी लग्नानंतर तीन वर्षांनी शिकले म्हणून ठासून सांगते. :)

जुना_खुराडेवाला | ४ ऑगस्ट, सकाळी ८:०२

बरोबर. आणि पिल्लं काढायची असतील तर एक कोंबडा आठ-दहा जणींना पुरतो. पाचात तर तो राजा आहे.

सोलर_दादा | ४ ऑगस्ट, दुपारी १:३०

सोपा उपाय सांगतो. खुराड्यात बल्ब लावा. कोंबडीला १६ तास उजेड लागतो, शेडमध्ये हेच करतात. पावसाळी अंधारात अंडी येत नाहीत.

वेंगुर्ल्याचो_झील | ४ ऑगस्ट, दुपारी १:४१

बल्ब लावूक लाइट व्हयी मरे. आमच्याकडे कालपासून नाय आसा.

जुना_खुराडेवाला | ४ ऑगस्ट, दुपारी ३:१०

दादा, तत्त्व बरोबर आहे. उजेड डोळ्यांतून आणि डोक्याच्या कवटीतूनही मेंदूला पोचतो आणि अंडाशयाला हुकूम सुटतो. दिवस वाढत असले की तलंग लवकर येते, घटत असले की रेंगाळते. पण आपल्या कोकणात दिवस जूनमध्ये साधारण तेरा तासांचा आणि डिसेंबरात अकराचा. विलायतेसारखा हिवाळ्यात आठ तासांवर येत नाही. पाच कोंबड्यांसाठी ओल्या खुराड्यात वायर ओढून शॉक बसण्यापेक्षा पंधरा दिवस थांबलेलं स्वस्त. आणि एकदा बल्ब लावलात आणि मग चार दिवस वीज गेली, तर अंड्यावर आलेली कोंबडीही बंद पडते, पिसं गाळायला लागते. हा फटका मी खाल्लाय.

पडवीतली | ६ ऑगस्ट, रात्री १०:३०

काका, रात्री टॉर्च घेऊन परीक्षा घेतली. नवऱ्याने धरल्या, मी बोटं मोजली. (त्याचं म्हणणं, इंजिनियरिंग करून हा दिवस बघायला मिळाला.) तिन्ही गिरिराज: दोघींना दोन बोटं, एकीला दीड. तुरे लाल आहेत, आणि तांबूस पाठीची आज दुपारी हात लावल्यावर खरंच बसली! दोन्ही गावठी: एक बोट, तेही ओढूनताणून. म्हणजे माझा अर्धा घोर उगाच होता. दहा किलो खाद्य आणलं.

पडवीतली | ९ ऑगस्ट, सकाळी ८:२०

नारळी पौर्णिमेचा प्रसाद मिळाला, पण कसला ते बघा. सकाळी खुराडं झाडताना त्या जिथे रात्री बसतात त्या दांडीच्या बरोब्बर खाली हे पडलेलं होतं. कवच नाहीच. नुसती पांढरट कातडी, आत बलक हलताना दिसतो. तळहातावर घेतलं तर पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं पसरलं आणि बोटांच्या फटीत रुतलं. जरा गरम होतं अजून. सासूबाईंनी लांबूनच बघितलं आणि "दृष्ट लागली" असं निदान केलं. कोणी आजारी आहे का?

लोळ्या_आणि_तुरे | ९ ऑगस्ट, सकाळी ९:००

माझ्या पहिल्या तलंगेने असंच घातलं होतं. दुसरं तर लिंबाएवढं आणि आत बलकच नव्हता. तिसऱ्यात दोन बलक. महिनाभरात गाडी रुळावर आली. नव्या गिरणीचं पहिलं पीठ असंच जाडंभरडं निघतं. घाबरू नकोस.

जुना_खुराडेवाला | ९ ऑगस्ट, सकाळी ११:४५

आजार नाही, सुरुवात आहे. अभिनंदन!

आतलं गणित सांगतो. बलक सुटल्यापासून अंडं बाहेर येईपर्यंत २४ ते २६ तास लागतात. त्यातले जवळजवळ वीस तास फक्त कवच चढण्यात जातात, आणि त्यातला मोठा भाग रात्री. नव्या कोंबडीचं यंत्र अजून ताळ्यावर नसतं, म्हणून कधी कवच चढायच्या आधीच अंडं सुटून येतं. एखाद-दुसरं असं आलं तर सोडून द्या. रोज यायला लागलं तर चुना कमी पडतोय.

एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. लेअर खाद्यात ते साडेतीन-चार टक्के असतं, पण तुम्ही निम्मं कणी घालताय. तेव्हा शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. खाण्यात मिसळू नका. जिला लागतो ती खाते. तुमच्या गावठ्यांना अजून नकोय, आणि कोवळ्या वयात बळेच जास्त चुना पोटात गेला की मूत्रपिंडं बिघडतात. पिल्लांना लेअर खाद्य देऊ नये ते याचसाठी.

सोलर_दादा | ९ ऑगस्ट, दुपारी १२:३०

पानात खायचा चुना पाण्यात कालवून दिला तर? आमच्याकडे देतात.

जुना_खुराडेवाला | ९ ऑगस्ट, दुपारी १२:५०

नको. तो चुना दाहक. तोंड-घसा पोळतो. शिंपला म्हणजे वेगळी गोष्ट. आणि पीठही करू नका, जाडसर ठेवा, तुरीच्या डाळीएवढा. जाड तुकडा पोटातल्या खडीच्या पिशवीत रात्रभर रेंगाळतो आणि हळूहळू विरघळतो, म्हणजे कवच चढायच्या वेळेला माल हजर. पीठ केलेलं संध्याकाळच्या आत निघून जातं.

पडवीतली | १० ऑगस्ट, संध्याकाळी ६:१५

शिंपल्यांची गंमत ऐका. श्रावण चाललाय, घरात तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) शिजणार नाहीत, मग शिंपं आणायची कुठून? सासूबाई काही न बोलता कोयती घेऊन मागच्या माडाकडे गेल्या आणि आळ्यातला पाला बाजूला केला. खाली तिसऱ्यांच्या आणि कालवांच्या शिंपांचा थर! वर्षानुवर्षं खाऊन माडाच्या बुंध्यात टाकलेली. तीन-चार पावसाळे अंगावर घेतलेली, त्यामुळे खारटपणा कधीच धुऊन गेलेला. दोन घमेली धुऊन चुलीच्या निखाऱ्यावर तापवली, तापली की ठिसूळ होतात. मग अंगणातल्या जांभ्यावर गोणपाट टाकून त्यावर वरवंट्याने ठेचली. मी तीन वेळा बोट ठेचलं, त्यांनी एकदाही नाही. तांबूस पाठीची भांड्यावर अशी तुटून पडली की बाकीच्यांना जवळ येऊ देईना.

जुना_खुराडेवाला | १० ऑगस्ट, रात्री ८:००

आईंना नमस्कार सांगा. फक्त निखाऱ्यावर तापवायचीच, पांढरी भुकटी होईपर्यंत भाजायची नाहीत. तसं केलं की परत तोच दाहक चुना.

मासळीबाजार | ११ ऑगस्ट, सकाळी १०:१०

प्रथिनांसाठी सुकटीचा कुटा का नाही घालत? आमच्या अलिबागकडे सर्रास घालतात.

लोळ्या_आणि_तुरे | ११ ऑगस्ट, सकाळी १०:४०

घालतात, पण मूठभरच. खारवलेली असली तर मीठ जास्त होतं, कोंबड्या पाणी पीत सुटतात आणि सगळं खुराडं पातळ घाणीने भरतं. आणि जास्त मासळी खाल्लेल्या कोंबडीच्या अंड्याला वास येतो. माझ्या भावाने आम्लेट तोंडात घालून विचारलं होतं, "यात जवळा टाकलास का?"

पडवीतली | १५ ऑगस्ट, दुपारी १२:१०

आलं!!! खोक्यात! तपकिरी, टणक, ३४ ग्रॅम. (सोनं मोजल्यासारखं किचनच्या काट्यावर तीन वेळा ठेवलं.) कवचावर रक्ताची एक बारीक रेघ आहे. खोक्यातून बाहेर येऊन तिने जो गिल्ला केला, कॉक कॉक कॉक कॉकाऽऽक, तो ऐकून कोंबडाही सुरू झाला. पाच मिनिटं वाडी डोक्यावर.

आता अडचण अशी की घरात श्रावण. सासूबाई अंडं फ्रीजमध्येसुद्धा ठेवू देत नाहीत. ते पडवीत तांदळाच्या डब्यात, झेंड्याला सलाम करून बसलंय.

जुना_खुराडेवाला | १५ ऑगस्ट, दुपारी २:००

रेघेची काळजी नको, पहिल्यावहिल्या अंड्याला वाट ताणते. दोन-तीन अंड्यांनंतर दिसायची नाही. पुन्हा पुन्हा दिसली, किंवा कोंबडी दिवसभर शेपटी खाली टाकून, अंग फुगवून जोर लावत बसली, तर अंडं अडकलंय समजा आणि लगेच डॉक्टरांना दाखवा. अंडं धुऊ नका. वरून एक न दिसणारा लेप असतो, तो जंतूंना आत येऊ देत नाही. घाण असेल तर कोरड्या फडक्याने पुसा. न धुतलेलं बाहेर आठ-दहा दिवस टिकतं.

चाकरमानी_परळ | १५ ऑगस्ट, रात्री ९:३०

ताई, पत्ता द्या. श्रावण आम्ही मुंबईत पाळत नाही.

पडवीतली | २१ ऑगस्ट, रात्री ९:००

आनंद टिकला नाही. सहा दिवसांत खोक्यात तीनच अंडी, आणि ती सगळी एकीचीच असावीत, एकसारखी आहेत. तांबूस पाठीचीचा तुरा एवढा लाल, ती हाताला बसते, परवा मोजलं तर तीन बोटं, शिंपं सगळ्यात जास्त तीच खाते, पण तिचं अंडं नाही. खाद्य वाढवू का? जंताचं औषध देऊ का? की कोणी अंडी खातंय?

वेंगुर्ल्याचो_झील | २१ ऑगस्ट, रात्री ९:२०

सगळा बरा आसा मगे अंडा जाता खंय? खाद्य बदलू नको. कोंबयेच्या मागसून फिर. माझ्या आवशीन एकदा अख्खो दिवस कोंबयेवर पाळत ठेवलेली, सांजेक शेजाऱ्याच्या माळ्यार सतरा अंडी गावली.

घाटावरची_सून | २१ ऑगस्ट, रात्री ९:५०

सतरा! आणि शेजारी गप्प?

वेंगुर्ल्याचो_झील | २१ ऑगस्ट, रात्री ९:५२

शेजारी अठराव्याची वाट बघी होतो.

जुना_खुराडेवाला | २१ ऑगस्ट, रात्री १०:३०

झीलने माझं उत्तर चोरलं. तीन बोटं, लाल तुरा, शिंपांची ओढ, म्हणजे ती घालतेच आहे. तुम्हाला दाखवत नाही एवढंच. औषध-बिवषध काही नको.

चोरी असेल तर खुणा राहतात. पेंढा चिकट झाला असेल, कोणाच्या चोचीला बलक सुकलेला दिसला तर घरचाच चोर. फोडलेली कवचं आजूबाजूला असतील तर मुंगूस किंवा घूस. साप अख्खं गिळतो, मागे काही ठेवत नाही, आणि कावळा उचलूनच नेतो. हे काही नसेल तर झुडपं शोधा. शोधताना काठी आपटत जा, पावसात अडगळीत हात घालायचा नाही.

पडवीतली | २२ ऑगस्ट, सकाळी ११:५०

सापडली.

सकाळी सातपासून छत्री घेऊन तिच्या मागे. ती अळवात गेली, मी अळवात. ती गडग्यावर चढली, मी गडग्याशी. नऊ वाजता एकदम थांबली, मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं आणि सरळ खुराड्यात जाऊन बसली, जशी काही फार सद्गुणी. मी चहाला घरात आले तेवढ्यात गायब.

वैतागून सासूबाईंना म्हटलं, ही जाते तरी कुठे? तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "खोपीत. रोज दहाच्या सुमाराला तिकडून ओरडते की. मला वाटलं तुला माहीत आहे."

लाकडाच्या खोपीत नारळाची सोडणं रचलेली आहेत, पार वाशापर्यंत. काठी आपटून वर चढले. मागच्या बाजूला, कौलांच्या खाली, सोडणं उकरून परातीएवढा खळगा केलेला. आत अकरा अंडी! आठ तपकिरी, मोठी. आणि तीन लहान, गुळगुळीत, साईच्या रंगाची. म्हणजे एक गावठीही आलीये अंड्यावर, आणि ती दीड बोटवालीसुद्धा कदाचित तिथेच जात असेल. मी इकडे सगळ्यांची बोटं मोजत बसलेय.

आता यातली खायची कुठली?

जुना_खुराडेवाला | २२ ऑगस्ट, दुपारी १:१५

पाण्यात सोडा. आडवं पडलं तर ताजं, तळाशीच उभं राहिलं तर थोडं जुनं पण चालेल, तरंगलं तर माडाच्या बुंध्यात. तुमच्याकडे कोंबडा आहे आणि कौलांखाली ऊब असते, म्हणून अंधारात टॉर्चवर धरूनही बघा. आत लाल जाळं किंवा रिंगण दिसलं तर ते बाजूला. बाकीचीही एकेक वाटीत फोडून मग वापरा, थेट तव्यावर नको.

सगळी उचलू नका, एक खूण करून तिथेच ठेवा, नाहीतर ती नवी जागा शोधेल आणि तुम्हाला पुन्हा छत्री घ्यावी लागेल. नंतर चार-पाच दिवस सगळ्यांना अकरापर्यंत खुराड्यातच कोंडा, आत पाणी-खाणं द्या. बहुतेक जणी सकाळीच घालतात. खोकी खाली असतील तर गुडघाभर उंच करा, पुढे गोणपाटाचा पडदा सोडा. तिला काय आवडलं बघा: उंच, अंधारं, पाठ टेकायला भिंत. तेच द्या. खोक्यात एक खोटं अंडं ठेवा, पांढरा गोटा चालतो.

लोळ्या_आणि_तुरे | २२ ऑगस्ट, दुपारी १:४०

आणि पेंढ्याच्या जागी सोडणाचा काथ्या घाल. तिने निवड सांगितलीच आहे.

पडवीतली | २६ ऑगस्ट, रात्री ११:३०

उद्या गणपती, मखर अजून अर्धं आहे, तरी लिहिते. अकरापैकी दोन तरंगली, एकात रिंगण दिसलं, बाकी आठ चांगली. खोकी भिंतीला टांगली, काथ्या घातला, गोटा ठेवला. तीन दिवस कोंडल्यावर चार वेगवेगळ्या अंड्यांचा हिशेब लागला, म्हणजे पाचातल्या चार जणी घालतायत. तांबूस पाठीची अजूनही दार उघडलं की एकदा खोपीत जाऊन बघून येते. श्रावण संपला, पण आता गौरी जाईपर्यंत घरात अंडं फुटणार नाही, असं सासूबाईंचं फर्मान आहे. तांदळाच्या डब्यात सतरा साठली, जुनी शेजारी वाटतेय.

पाचवी, काळी गावठी, अजून एक बोट.

वेंगुर्ल्याचो_झील | २६ ऑगस्ट, रात्री ११:४५

ऱ्हवांदे तिका. दिवाळेक बघ. आणि सतरा म्हणजे माझ्या आवशीचो रेकॉर्ड, अठराव्या झाला तर आधी हयसर सांग.

चाकरमानी_परळ | २७ ऑगस्ट, पहाटे ५:१०

चिपळूणपर्यंत पोचलो. वाटून संपली नाहीत ना?